मृत्यूचा निर्णय आणि त्याचे निवेदन



ज्या वैद्यांच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांच्या उमेदीच्या काळात रायपूरच्या सदर बाजारातील कोणत्याही घरी मृत्यूचा निर्णय करण्यास फारशी विद्या लागत नसे. नाडी हाती लागेनाशी झाली, नाकाशी धरलेले सूत हलेनासे झाले आणि छातीवरून श्रवणनळी काढून वैद्यांनी मान हलविली, की ब्राह्मणपाऱ्यापासून तात्यापाऱ्यापर्यंत निरोप जाई आणि पुढची व्यवस्था ज्याची त्याला ठाऊक असे. मृत्यू आणि मृत्यूचा पुरावा हे दोघेही एकाच वेळी, एकाच खोलीत, सर्वांच्या देखत हजर होत. मला आज ज्या मृत्यूविषयी बोलावयाचे आहे त्यात मात्र या दोहोंची ताटातूट झालेली असते: छाती वरखाली होत असते, अंगात ऊब असते, नाडी बोटाला लागत असते, मूत्र पिशवीत उतरत असते, आणि तरीही तो मनुष्य मरण पावलेला असतो. हे कोणाला दिसत नाही; ते कोणीतरी शोधून काढावे लागते आणि मग कोणीतरी सांगावे लागते. हे शोधणे आणि हे सांगणे ही दोन निराळी कामे आहेत, पहिले विद्वानांनी करावे आणि दुसरे जो मोकळा सापडेल त्याने उरकावे, असा जो शिरस्ता आपल्या रुग्णालयांत पडला आहे तो मुळातच चुकीचा असून, ज्याला मृत्यूची खात्री स्वतःच्या हातांनी करून घेता येत नाही त्याच्या तोंडून मृत्यूची वार्ता कधीही नीट निघत नाही, हे मला आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

मेंदूचा मृत्यू ही कल्पना अवयवांच्या लोभाने निघाली, असा एक प्रवाद सुशिक्षितांतही आढळतो, म्हणून थोडा इतिहास सांगणे प्राप्त आहे. १९५२ साली कोपनहेगन शहरात पोलिओची भयंकर साथ आली, तेव्हा श्वसनाचे स्नायू लुळे पडलेल्या रोग्यांच्या गळ्यात छिद्र पाडून नळी बसवावी आणि रबरी पिशवी हाताने दाबून त्यांस श्वास पुरवावा, ही युक्ती ब्यॉर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाने काढली, आणि वैद्यकाचे विद्यार्थी पाळीपाळीने, रात्रंदिवस, त्या पिशव्या दाबीत बसले. पुढे हाताची जागा यंत्राने घेतली. पुष्कळ माणसे वाचली. पण त्यांच्याबरोबर काही अशीही निघाली की ज्यांचा मेंदू संपूर्ण नष्ट झाला होता आणि यंत्र मात्र फुप्फुसांत हवा भरीतच होते. हृदयाला ठोका देणारी गाठ हृदयातच असल्यामुळे, प्राणवायू मिळत राहिला तर मेंदूवाचूनही ते काही काळ चालते. पॅरिसच्या मोलारे आणि गुलों या दोन वैद्यांनी १९५९ साली अशा २३ रोग्यांचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा हृदयारोपणाला अद्याप आठ वर्षे अवकाश होता. या अवस्थेला कारण झाले ते श्वासयंत्र. अवयवांचा प्रश्न तिला मागाहून येऊन चिकटला.

तो कसा चिकटला हेही पाहण्यासारखे आहे. १९६७ च्या डिसेंबरात केपटाऊनला बार्नार्ड यांनी पहिले हृदयारोपण केले आणि अवघ्या काही आठवड्यांनी, १९६८ च्या फेब्रुवारीत, मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी तेच धाडस केले. रोगी काही तासांपलीकडे जगला नाही. परंतु ज्या गोष्टीकडे आपल्याकडे फारसे लक्ष गेले नाही ती ही, की त्या दिवशी हिंदुस्थानात मेंदूच्या मृत्यूला मृत्यू मानणारा कायदा नव्हता आणि हार्वर्ड विद्यापीठाच्या समितीचा सुप्रसिद्ध अहवाल प्रसिद्ध होण्यास ऑगस्ट उजाडावयाचा होता. आपल्याकडे तो कायदा होण्यास आणखी सव्वीस वर्षे लागली, आणि तो झाला तोही मूत्रपिंडांच्या खरेदीविक्रीस आळा घालण्याच्या निकडीने. महाराष्ट्र, गोवा आणि हिमाचल प्रदेश या तीन राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव करून संसदेस विनंती केली, आणि १९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा अस्तित्वात आला. या देशात मस्तिष्कस्तंभाच्या मृत्यूची व्याख्या आहे ती या कायद्यात. जन्ममृत्यू नोंदणीचा जो १९६९ चा कायदा आहे, ज्याच्या आधारे नगरपालिका दाखला देते, त्यात मृत्यू म्हणजे जीवनाच्या सर्व खुणांचा कायमचा लोप, एवढेच म्हटले आहे. मेंदूचा उच्चार नाही. परिणाम असा झाला, की आमचा तरुण डॉक्टर या मृत्यूपाशी येतो तो अवयवदानाच्या दरवाजाने येतो, आणि त्याच्या मागून रोग्याचे आप्तही त्याच दरवाजाने येतात. त्यांनी संशय घेतला तर दोष कोणाचा?

आता परीक्षेच्या पद्धतीकडे वळू, कारण शिक्षणाची खरी कसोटी तेथे आहे. ग्रंथांत तिचे वर्णन बाहुल्या, बुबुळे, कान, घसा अशा क्रमाने येते आणि विद्यार्थी तो क्रम पाठ करतो. डोळ्यांत प्रखर उजेड टाकावा, बाहुली लहान होते का पाहावे. बुबुळाला कापसाचा स्पर्श करावा. भुवईच्या हाडावर जोराने दाबावे. प्रत्येक कानात पन्नास मिलिलिटर बर्फगार पाणी सोडून डोळे वळतात का ते पाहावे. श्वासनळीत नळी घालून खोकला येतो का पाहावे. हे सर्व अवघड नाही. एका दुपारी शिकविता येते. अवघड आहे ते याच्या आधीचे, म्हणजे ही परीक्षा करण्याचा अधिकार आपल्याला पोहोचला आहे की नाही हे ठरविणे. बेशुद्धीचे कारण निश्चित ठाऊक पाहिजे, ते कारण भरून न येणारे पाहिजे, आणि मेंदू जिवंत असूनही मेल्यासारखा दिसावा अशी दुसरी कोणतीही गोष्ट, मग ती झोपेची औषधे असोत, अतिशीत शरीर असो, रक्तातील क्षारांचा बिघाड असो वा विष असो, शिल्लक राहिलेली नसावी.

या शेवटच्या शब्दाशी छत्तीसगढातील डॉक्टरने थबकले पाहिजे. पावसाळ्यात जमिनीवर अंथरूण टाकून निजणाऱ्या माणसाला रात्री मण्यार चावतो, ज्याला इकडे करैत म्हणतात. दंश इतका बारीक की जाग येत नाही, खूण दिसत नाही, पहाटे पोट दुखते, पापण्या जड होतात, आणि दिवस वर येईतो हातपाय, जीभ, श्वास सर्व थांबते. अशा माणसाला वेळेवर श्वासयंत्र मिळाले तर तो आपल्यापुढे येतो तो संपूर्ण निश्चल, बाहुल्या विस्फारलेल्या, उजेडाला न हलणाऱ्या, घशात नळी फिरविली तरी खोकला नाही अशा अवस्थेत, म्हणजे ग्रंथातील मेंदूमृत्यूच्या वर्णनाची हुबेहूब प्रत होऊन; आणि आत त्याचा मेंदू शाबूत असतो, कदाचित तो सारे ऐकतही असतो. प्रतिविष आणि यंत्राचा श्वास काही दिवस चालू ठेवला तर असा रोगी उठून आपल्या पायांनी घरी जातो. जशपूरकडील तपकरा भागाला लोक नागलोक म्हणतात ते उगीच नव्हे. लंडनच्या वा बोस्टनच्या पाठ्यपुस्तकात या सापाला एखाददुसरी ओळ मिळाली तर मिळते. आपल्या पाठात त्याला पहिले स्थान मिळाले पाहिजे. आपल्या समोरच्या पेढीवरचा सराफ दागिना कसाला लावल्याखेरीज त्याचे मोल बोलत नाही, मग तो कितीही झळकत असो. इतकी सावधगिरी तरी आपल्या विद्यार्थ्यांत यावी, ही अपेक्षा अवास्तव नाही.

अधिकार निश्चित झाल्यावर येते ती अप्निया चाचणी. रोग्याला आधी भरपूर प्राणवायू देऊन यंत्र सोडवावयाचे, श्वासनलिकेत बारीक नळीने प्राणवायू चालू ठेवावयाचा आणि छाती-पोट उघडे करून आठ ते दहा मिनिटे पाहत राहावयाचे. रक्तातील कार्बन डायऑक्साइडचा दाब ६० मिलिमीटर पाऱ्यापर्यंत चढला असता मस्तिष्कस्तंभात प्राणाची लव असेल तर श्वास घेतल्यावाचून त्याला गत्यंतर नसते. तो घेतला गेला नाही, तर उत्तर मिळाले. कायद्याने ही सारी परीक्षा चार डॉक्टरांच्या मंडळाकडे सोपविली आहे: रुग्णालयाचे प्रमुख, शासनमान्य यादीतील एक स्वतंत्र तज्ज्ञ, मेंदूविकारतज्ज्ञ किंवा मेंदूचे शल्यविशारद, आणि रोग्यावर उपचार करणारे डॉक्टर. जेथे मेंदूचा तज्ज्ञ नाही तेथे भूलतज्ज्ञ, वैद्य वा शल्यचिकित्सक चालावा, अशी सवलत २०११ च्या दुरुस्तीने दिली आणि लहान शहरांचा मार्ग मोकळा केला. प्रत्यारोपण करणाऱ्या चमूतील कोणालाही या मंडळात बसता येत नाही. आणि परीक्षा दोनदा करावयाची, मध्ये किमान सहा तासांची मुदत सोडून. दुसऱ्या परीक्षेची वेळ हीच मृत्यूची वेळ म्हणून नोंदली जाते.

या सहा तासांत काय होते ते आता सांगतो, कारण आपल्या विषयाचा मर्मभाग हाच आहे.

अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर गरियाबंदहून, महासमुंदाहून, बस्तरातून, सीमेपलीकडच्या नुआपाडा-कालाहंडीहून आलेली माणसे चादरी अंथरून बसलेली असतात. एक तरुण डॉक्टर घाईघाईने बाहेर येतो आणि म्हणतो, “ब्रेन डेड झाले आहेत, पण अजून मशीनवर जिवंत आहेत.” हे वाक्य मी मध्य भारतातील इतक्या रुग्णालयांत ऐकले आहे की त्याचा कर्ता कोण हे शोधणे व्यर्थ आहे. त्यावर उत्तर येते तेही ठरलेले: “साँस तो चलत हे, डॉक्टर साहब.” आणि यात ऐकणाऱ्याचे अज्ञान यत्किंचितही नाही, त्याला जे सांगितले त्याचाच त्याने योग्य अर्थ घेतला आहे. मग डॉक्टर विचारतो, “काय करायचे तुम्हीच ठरवा.” म्हणजे ज्याने निर्णय करावयाचा त्याने तो केला नाही आणि ज्याच्यावर तो लादता कामा नये त्याच्या गळ्यात घातला, आता त्या बापाने वा भावाने होय म्हटले तर यंत्र आपण बंद करविले ही टोचणी त्याला जन्मभर पुरेल. शब्दांची मांडणी बदलून हा दोष जाणार नाही, कारण त्याचे मूळ जिभेत नाही. त्या तरुणाने कानात बर्फाचे पाणी सोडून स्वतः पाहिलेले नसते, दहा मिनिटे उघड्या छातीकडे टक लावून तो स्वतः उभा राहिलेला नसतो. वरिष्ठांनी केलेल्या परीक्षेची बातमी तो ऐकीव हवाल्याने देत असतो, आणि म्हणून त्याच्या मनात मृत्यू व जीवन यांची जी खिचडी झालेली असते तीच तो पुढे वाढतो.

या गोंधळात आणखी एका गोष्टीची भर पडते. केईएममधील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ च्या हल्ल्यानंतर बेचाळीस वर्षे जाणिवेवाचून पडून होत्या. त्यांच्यासंबंधीच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली निर्णय दिला, तेव्हा त्यांचा मेंदू मृत नाही हे त्यात स्पष्ट नमूद आहे. त्या स्वतःच्या श्वासाने श्वास घेत होत्या. पण महाराष्ट्रात आणि महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसांत त्यांचे नाव इतके खोल रुजले आहे, की डॉक्टरांनी मेंदूचा शब्द काढला की आप्तांना प्रथम त्याच आठवतात: त्या नाही का इतकी वर्षे राहिल्या? हा प्रश्न येणारच हे गृहीत धरून त्याचे उत्तर आधीच तयार ठेवणे, हे शिक्षणाचेच अंग होय.

कुटुंबाशी बोलण्याचे शास्त्र पाश्चात्य देशांत बरेच पुढे गेले आहे. नेदरलँड्समध्ये निघालेल्या कार्यशाळांनी युरोपभर डॉक्टरांना आणि परिचारिकांना दुःखाच्या निरनिराळ्या तऱ्हा ओळखण्यास शिकविले. मृत्यूची वार्ता आणि दानाची विनंती यांत अंतर ठेवावे, हे तत्त्व आता सर्वमान्य झाले आहे. स्पेनचे नाव या संदर्भात नेहमी घेतले जाते, आणि आपल्या सभांत कोणीतरी हमखास उठून सांगतो की तेथे संमती गृहीत धरण्याचा कायदा आहे, तोच इकडे आणा म्हणजे काम झाले. स्पेनच्या अवयवदानातील यशाचे शिल्पकार डॉ. राफाएल मातेसान्झ यांनी वारंवार सांगितले, की त्या कायद्याचा यात फारसा भाग नाही. तेथेही आप्तांना विचारतातच, आणि विचारणारा मनुष्य बहुधा त्याच अतिदक्षता विभागातील, या कामासाठी मुद्दाम तयार केलेला डॉक्टर असतो. कायद्याने जे साधत नाही ते साधावयास माणूस घडवावा लागतो, आणि माणूस घडविणे सरकारदरबारी नेहमीच महाग वाटते.

पण तिकडचे पाठ जसेच्या तसे उचलून चालणार नाही, आणि येथे कायद्याचीच एक गोष्ट मला मोठी विलक्षण वाटते. संमती कोणी द्यावी याची यादी कायद्यात आहे: पतिपत्नी, मुले, आईबाप, भावंडे, आणि २०११ पासून आजीआजोबा व नातवंडे. आपल्याकडे अशा प्रसंगी बोलतो कोण? बायको पदरात तोंड लपवून भिंतीशी बसलेली असते, बाप बधिर झालेला असतो, आणि बोलावयास पुढे होतो मामा, काका, मेहुणा, क्वचित गावचा सरपंच, क्वचित ज्याच्या दुकानात तो नोकरीस होता तो शेठ. सही करण्याचा अधिकार यांपैकी कोणालाही नाही, आणि यांनी मान हलविल्यावाचून सही करणाऱ्याचा हात उठत नाही. डॉक्टरने यादीकडे पाहून केवळ बायकोशी बोलावे तर घर दुखावते, केवळ मामाशी बोलावे तर बायकोला आपल्या नवऱ्याचा मृत्यू तिसऱ्याच्या तोंडून कळतो. म्हणून दोघांनाही एका खोलीत, बसण्यास जागा देऊन, स्वतः बसून, प्रथम तिला आणि मग सर्वांना, तिला समजेल त्या बोलीत सांगावे. “मरण पावले” हा शब्द उच्चारावा, आणि मग गप्प राहावे. हे गप्प राहणे शिकवून येते. नवशिक्या डॉक्टराला स्तब्धता सोसवत नाही. तो ती तांत्रिक तपशिलांनी भरून काढतो.

एक सूचना मात्र मी आग्रहाने करीन. अप्निया चाचणीच्या वेळी घरच्या एकादोघांना, त्यांची इच्छा असल्यास, आत उभे राहू द्यावे. अमेरिकेत हा प्रयोग करून पाहिला गेला तेव्हा आप्तांना मृत्यू अधिक चांगला उमगला आणि त्यांच्या मनाला त्यामुळे अधिक इजा झाली असे आढळले नाही. आपल्याकडे तर याचे महत्त्व शतपट आहे, कारण बिल वाढविण्यासाठी प्रेत यंत्रावर ठेवतात ही शंका दाराबाहेरच्या प्रत्येक चादरीवर बसलेली असते, आणि कोणत्याही युक्तिवादाने ती उठत नाही. मामाने स्वतः दहा मिनिटे त्या छातीकडे पाहिले म्हणजे तो बाहेर येऊन जे सांगेल ते आम्हा चौघांच्या सह्यांहून अधिक वजनदार ठरेल. यास एक अट आहे: मेंदू संपल्यावरही पाठीच्या कण्यातून उगम पावणाऱ्या हालचाली होऊ शकतात, क्वचित हात वर उचलून छातीकडे येतो, आणि हे आधी सांगून ठेवले नाही तर पाहणाऱ्याला पुनरुज्जीवन झाल्याचा भास होईल. तेव्हा सांगावे, आणि मगच आत न्यावे.

जेथे हे होत नाही तेथे काय होते, हे रायपुरातून बाहेर पडणाऱ्या रस्त्यांवर कोणीही पाहू शकेल. कुटुंबाने दान नाकारले, पैसे संपले, यंत्र बंद करण्यास डॉक्टर धजत नाही, कारण त्याच्या हाती मृत्यूचा कागद नाही. मग वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध घरी नेतो अशा मजकुरावर अंगठा घेतला जातो आणि रुग्णवाहिका धमतरीच्या वाटेने निघते. मागे एक पुतण्या रबरी पिशवी दाबीत असतो. कोपनहेगनच्या विद्यार्थ्यांनी अशीच पिशवी दाबून माणसे वाचविली. हा मुलगा आधीच गेलेल्या काकाला तासन्‌तास श्वास देतो, आणि गावच्या वेशीशी कोणीतरी थांब म्हणते तेव्हा त्याचा हात थांबतो. काका आपल्या हाताखाली गेला, असे त्याला वाटत राहते. याला मी आमच्या शिक्षणाचा दोष म्हणतो. त्या मुलाचे यात काही चुकलेले नाही.

शिक्षण कसे असावे, याविषयी फार लांबण लावीत नाही. २०१९ पासून वैद्यकाच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद यांचा स्वतंत्र पाठ आला आहे, ही चांगली गोष्ट झाली. परंतु तो पाठ एका खोलीत आणि अतिदक्षता दुसऱ्या खोलीत, अशी वाटणी राहिली तर फारसे निष्पन्न होणार नाही. ज्या विद्यार्थ्याने पुतळ्यावर आणि मग वरिष्ठांच्या देखरेखीखाली रोग्याच्या उशाशी परीक्षा केली, त्यानेच त्याच दिवशी आप्तांशी बोलण्याचा सराव करावा. आप्त कोठून आणावयाचे? ज्यांनी नाचा या छत्तीसगढी लोकनाट्याच्या कलावंतांना जगभर नेले ते हबीब तन्वीर ज्या शहरात जन्मले, त्या शहराने हा प्रश्न विचारू नये. छत्तीसगढी बोलणारी नाचाची मंडळी बाप, मामा, विधवा होऊन बसली, तर दहावीस पुस्तकांत नसलेले दुःखाचे प्रकार विद्यार्थ्यांस एका सकाळी भेटतील: रडणारा, भांडणारा, हसणारा, आणि डॉक्टरलाच धीर देणारा. आपल्यापैकी ज्यांनी गणेशोत्सवात नाटके केली आहेत त्यांनीही हे काम अंगावर घेण्यास हरकत नाही. त्या सरावात परिचारिकाही हव्यात, कारण दुसऱ्या परीक्षेनंतरही जी “दादा, आता कुशीवर वळवते हं” असे त्या देहाशी बोलते, तिचे शब्द डॉक्टरच्या शब्दांआधी आप्तांपर्यंत पोहोचतात.

आणि सहा तासांची ती मुदत केवळ परीक्षेसाठी आहे असे समजू नये. पहिल्या परीक्षेनंतर सांगावे, की आम्हाला त्यांचा मृत्यू झाला असावा असे दिसते, रात्री अमुक वाजता पुन्हा पाहणार आहोत, घरच्यांना बोलावून घ्या. दुसरीनंतर मृत्यू सांगावा. दानाविषयी विचारणे हा कायद्याने सांगितलेला कर्तव्यभाग आहे आणि तो टाळू नये, पण तो प्रशिक्षित समन्वयकाने, काही वेळ जाऊ देऊन, पार पाडावा.

राहिला तो कागद. केरळ सरकारने २०२० साली मेंदूमृत्यूचा निर्णय अवयवदानापासून अलग केला. दान होवो वा न होवो, मृत्यू तो मृत्यूच, असे त्या हुकुमाचे तात्पर्य आहे. अवयवदानाच्या कारभारात छत्तीसगढ आजही पश्चिम विभागात मोडते आणि त्या विभागाचे कार्यालय केईएम रुग्णालयातच आहे, तेव्हा या बाबतीत मुंबई आणि रायपूर यांचे धोरण एक असणे स्वाभाविक ठरेल. हुकुमावर न थांबता खुद्द कायदा दुरुस्त करावयाचा तर राज्यघटनेच्या २५२ व्या कलमाने तो मार्गही ठरवून दिला आहे: राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव करावेत आणि संसदेने त्याप्रमाणे कायदा बदलावा. १९९४ च्या कायद्यासाठी महाराष्ट्राचे विधिमंडळ त्या मार्गाने गेले तेव्हा छत्तीसगढ राज्य जन्मालाही आले नव्हते. आता ते आहे, त्याची स्वतःची विधानसभा आहे, आणि दान नाकारणाऱ्या कुटुंबालाही तोच मृत्यूचा दाखला, त्याच चार सह्यांचा आणि त्याच वेळेचा, हक्काने मिळावा, एवढ्या एका कलमाचा मसुदा तयार करण्यास या सभेत वकील मंडळी पुरेशी बसलेली आहेत.